नणंदेची बोट मुरगावला लागते तेव्हा

पत्र

माझी नणंद ठाण्याला असते. डिसेंबरात ती, नंदावे, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आणि नणंदेच्या ७६ वर्षांच्या सासूबाई असे चौघं मुंबईहून क्रूझने गोव्याला येतायत. बोट सोमवारी सकाळी नऊला मुरगावला लागते आणि संध्याकाळी पाचला सुटते. आम्ही फोंड्याला, कुर्टीत राहतो. नणंदेचा फोन आला, "आठ तास आहेत वहिनी, निवांत." या आठ तासांत कवळ्याला तिच्या सासूबाईंच्या हातून शांतादुर्गेची ओटी, मंगेशी, आमच्याकडे जेवण (सुरमई हवीच), जुनं गोवं, एखादा बीच आणि काजूखरेदी. आमचे हे गाडी घेऊन थेट बोटीपाशी उभे राहणार, हेही तिने परस्पर ठरवलंय. ह्यांना बहिणीला नाही म्हणवत नाही, आणि मी म्हटलं तर वाईट मी. वर पुढच्या वर्षी आम्हा दोघांना आणि माझ्या सासूबाईंना घेऊन लक्षद्वीपच्या क्रूझला जायचा तिचा बेत आहे. सासूबाईंना अनमोड घाटात एसटी लागते. हे दिवाडीच्या शाळेत शिकवतात. म्हणतात, रोज फेरीबोटीत बसतो, आणखी पैसे भरून बोटीत कशाला बसू? काय करू?
ता. क. : क्रूझवर म्हणे एका रात्री झकपक कपडे घालावे लागतात. सासूबाई नऊवारीच नेसतात. चालतं का?
— एक वहिनी, फोंडा

उत्तर

ताई, तुमच्या नणंदेने आठ तास मोजले ते बोटीच्या वेळापत्रकावरून. तुम्हाला मोजायचेत ते बंदराच्या गेटवरून. तेवढा फरक तिच्या लक्षात आणून दिलात की निम्मी यादी आपोआप गळेल, आणि नाही म्हणण्याचं पाप तुमच्या माथी येणार नाही.

नऊला बोट धक्क्याला लागली म्हणजे नऊला माणसं खाली उतरली असं होत नाही. दोर बांधायचे, शिडी लावायची, बंदराचे कागद व्हायचे, मग उतरायला परवानगी. त्यातही बोटीच्या स्वतःच्या सहलींना निघालेल्यांना आधी सोडतात, कारण त्यांच्या बसगाड्या खाली उभ्या असतात. आपल्या आपण फिरणाऱ्यांचा नंबर नंतर. उतरल्यावरही लगेच रस्त्याला लागता येत नाही. मुरगाव हे मालवाहू बंदर आहे, कोळसा आणि खनिज हाताळणारं. आत रेल्वेचे रूळ, क्रेन, ट्रक, आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा. तिथे पायी भटकू देत नाहीत, गेटपर्यंत बसने आणून सोडतात. त्यामुळे तुमच्या यजमानांनी गाडी बोटीपाशी न्यायचा विचार सोडून द्यावा. त्यांनी गेटबाहेर थांबायचं, आणि नेमकं कुठे थांबायचं ते बोट मुंबईहून सुटायच्या आधीच बहिणीशी बोलून ठेवायचं. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की मोबाइलची रेंज जाते, म्हणजे सकाळी उठून "कुठे आहेस गं" करत बसणं कठीण. हे सगळं धरून मंडळी तुमच्या गाडीत बसेपर्यंत सव्वादहा वाजले तर लवकर वाजले म्हणायचं.

आता दुसरं टोक. पाचला सुटणारी बोट तिच्या माणसांना पाचला बोलावत नाही. परत यायची शेवटची वेळ आधीची असते, बहुतेकदा तासभर आधीची. ती वेळ त्या दिवशीच्या छापील पत्रकात असते आणि शिडीच्या तोंडाशी फळ्यावरही लिहून लावतात. नणंदेला सांगा, उतरताना त्या फळ्याचा मोबाइलवर फोटो काढ आणि मला दाखव. चार ही वेळ धरली, परतीची सुरक्षा तपासणी, बसची रांग आणि वास्कोतली वाहतूक धरली, तर सव्वातीनला तुमची गाडी गेटवर हवी.

सव्वादहा ते सव्वातीन म्हणजे पाच तास. मुरगावहून कवळ्याला यायला सव्वा तास, परत जायला फोंड्याहून तेवढाच. हातात राहिले अडीच तास. आता या अडीच तासांत मंगेशी, जुनं गोवं, बीच, सुरमई आणि काजू बसवून दाखव, असं नणंदेलाच सांगा. गोव्यात वाढलेली आहे, तिला हे रस्ते ठाऊक आहेत. माहेर लांब गेलं की अंतरं जवळची वाटायला लागतात, एवढंच झालंय.

या बोटी पाहुण्यांसाठी थांबत नाहीत. बंदरात शिरताना आणि निघताना बंदराचा पायलट बोटीवर चढतो, त्याची वेळ ठरलेली असते. धक्क्याचं भाडं तासांवर चालतं आणि पुढच्या मुक्कामाचीही वेळ ठरलेली असते. बोटीकडूनच घेतलेली सहल उशिरा परतली तर कंपनी बोट थांबवते किंवा त्या माणसांची सोय करते, कारण जबाबदारी तिची. वहिनीकडे जेवायला गेलेल्यांची जबाबदारी वहिनीची. कप्तानाला तुमच्या सोलकढीशी काही देणंघेणं नाही.

म्हणून माझं मत असं, की त्या दिवशी एकच गोष्ट पक्की धरा : कवळ्याची ओटी. बाकी सगळं तिच्या आगेमागे बसलं तर बसवा. नणंद पुन्हा येईल, मुलगी मैत्रिणींबरोबर दहादा येईल, काजू ठाण्यालाही मिळतात. ७६ वर्षांच्या बाई पुन्हा कवळ्यापर्यंत कधी पोचतील हे कोण सांगणार? तुमच्या पत्रातल्या यादीत ओटी पहिली आली आहे, म्हणजे तुम्हालाही ते कळलेलंच आहे.

मंगेशी त्या दिवशी वगळाच. सोमवार हा मंगेशाचा वार. संध्याकाळी पालखी असते आणि गर्दी सकाळपासून. डिसेंबरातल्या पर्यटकांच्या बसगाड्या त्यात मिळवा. कवळ्याला त्या मानाने निवांतपणा मिळेल. ओटीबरोबर अभिषेक किंवा आणखी काही करायचं असेल तर दोन दिवस आधी भटजींना फोन करून ठेवा आणि "आमची बोट आहे" हे मोकळेपणाने सांगा. ओटीचं सामान ठाण्याहून आणू नका म्हणावं. बोटीवर चढताना सामान यंत्रातून जातं, बाहेरचे खाद्यपदार्थ बहुतेक कंपन्या चढवू देत नाहीत, आणि नारळावरून हुज्जत घालत रांगेत उभं राहण्यात काय अर्थ आहे? खण तेवढा त्यांनी त्यांच्या पसंतीचा आणावा. नारळ, फुलं, तांदूळ तुम्ही घरून घेऊन जा.

भाचीला एक निरोप : बोटीवरची हाफ पँट देवळात चालणार नाही. पिशवीत सलवार किंवा लांब स्कर्ट असू दे, गाडीत वरून चढवता येईल असा. देवळाच्या दारात यावरून तोंडं वाकडी झालेली मी पाहिली आहेत, आणि मग पुढचा तास सगळेच गप्प.

खरं तर भाचीने आणि नंदाव्यांनी तुमच्याबरोबर यावंच असं नाही. बाप-लेकीने बोटीचीच जुन्या गोव्याची सहल घ्यावी. बॉं जेझूचं चर्च, से कॅथेड्रल, जमलं तर पणजीतलं फोंतेन्हास, आणि बस वेळेत परत. पैसे थोडे जास्त पडतील, पण बोट चुकण्याची धास्ती नाही. शिवाय गाडीत दोन जागा मोकळ्या होतात, आणि ७६ वर्षांच्या बाईंना मागच्या सीटवर पाय पसरून बसता येतं. नंदाव्यांना मांडवीतल्या कॅसिनोचं आकर्षण असेल तर त्यांच्या बोटीवरही कॅसिनो असण्याचीच शक्यता जास्त, त्यासाठी पणजी गाठायला नको.

तुमच्या यजमानांनी एकट्याने गेटवर जावं. तुम्ही आणि तुमच्या सासूबाई रिक्षाने नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीने परस्पर कवळ्याला या. बोरीच्या पुलावरून आलं की कवळें आधी आणि फोंडा मागाहून, त्यामुळे उलटसुलट फेरा पडत नाही. साडेअकराला देवळाच्या तळीपाशी दोन विहिणी भेटतील. तुमच्या सासूबाईंना लेक तासभर आधी दिसेल, आणि घरी पोचल्यावर "ये गं, बस गं" यात जाणारी पंधरा मिनिटं वाचतील. पत्रात तुम्ही सगळ्यांचं लिहिलंत, सासूबाईंना काय वाटतंय ते लिहिलं नाहीत. लेक माहेरी येतेय आणि यादीत तिच्या आईच्या वाट्याला जेवणाच्या वेळची जेमतेम मिनिटं आहेत. नणंदेला फोनवर बाकी काही सांगू नका, एवढंच सांगा. बीच ती स्वतःहून खोडेल.

गाडीत तुमच्या यजमानांना बोलायला विषय हवा असेल तर रस्ता पुरेसा आहे. वाटेत वेर्णे लागतं, आणि केळशी-कुट्टाळी तिथून जवळच. कवळ्याची शांतादुर्गा मूळची केळशीची, मंगेश कुट्टाळीचा आणि म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळं पाडायला घेतली तेव्हा माणसांनी हे देव झुआरीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आपल्या फोंड्याच्या मुलखात, हलवले, कारण तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. तुमच्या पाहुण्यांची बोट ज्या नदीच्या मुखात उभी असेल तीच ही झुआरी. कवळ्याचं आजचं देऊळ शाहू महाराजांच्या काळातलं, १७३८ च्या सुमारास पूर्ण झालेलं. ठाण्याच्या बाईंना हे ऐकून ओटी भरताना बरं वाटेल.

आता जेवण. सोमवार आहे हे तुमच्या नशिबाने झालं. सोमवारी घरात नुस्तें, म्हणजे मासे, शिजत नाहीत, त्यात देवीची ओटी भरून आलेली माणसं. सुरमईचा प्रश्न मिटला, आणि कुणी मिटवला तर पंचांगाने. खतखतें आदल्या रात्री करून ठेवा, दुसऱ्या दिवशी ते जास्तच लागतं. मुगागाठी, भात, सोलकढी, एखादं गोड. सकाळी उठून फक्त भात. साडेबारा ते दीड जेवण, पावणेदोनला गाडी सुरू. "अजून एक घास" हा आग्रह त्या दिवशी घरात बंद. हे काम सासूबाईंवर सोपवा, त्यांचं लेक ऐकेल.

काजू आदल्या दिवशी फोंड्याच्या बाजारातून आणून, पाकिटं बांधून दारातच ठेवा, मात्र ती बोटीवर चढवू देतात का ते नणंदेला आधी विचारून ठेवायला सांगा. नंदावे फेणी मागतील. त्यांना सांगा, किनाऱ्यावर घेतलेली बाटली बोटीवर चढताना काढून घेतात आणि प्रवास संपल्यावर परत देतात, शिवाय गोव्याबाहेर न्यायला एक्साइजचा परवाना लागतो. एवढं ऐकल्यावर बहुतेकांची तहान भागते.

आणि इतकं करूनही समजा, टायर पंक्चर झाला, पुलावर गाड्या अडकल्या आणि बोट गेली. ही बोट मुंबईला परत चालली आहे, मालदीवला नाही. मडगावहून संध्याकाळी कोकणकन्या सुटते, ती सकाळी मुंबईत पोचवते. डिसेंबरात जागा मिळणं सोपं नाही, पण रस्त्याने बसगाड्याही आहेत. सामान बोटीबरोबर मुंबईला जाईल आणि तिथे ताब्यात मिळेल. म्हणूनच उतरताना प्रत्येकाच्या खिशात मूळ ओळखपत्र, पैसे, चार्जर आणि म्हाताऱ्या बाईंची दोन दिवसांची औषधं असली पाहिजेत, केबिनच्या कपाटात नव्हे. बोट परदेशी जाणारी असती तर हे प्रकरण फार वेगळं झालं असतं.

जाता जाता नणंदेला एक चांगली गोष्टही कळवा, नाहीतर सगळ्या सूचनाच झाल्या. मुंबईहून दक्षिणेला येताना जमीन डाव्या हाताला असते. सोमवारी पहाटे उठून बोटीच्या डाव्या डेकवर उभं राहिलं तर सह्याद्रीमागून सूर्य वर येताना दिसतो. मग आग्वादचं टोक, पुढे काबोच्या टोकावरचं राज्यपालांचं निवासस्थान, आणि बोट वळून मुरगावच्या खडकाळ टोकाआड शिरते. परतीला तोंड उत्तरेला, म्हणजे तीच डावी बाजू पश्चिमेला येते आणि मावळतीही तिथूनच. नाश्त्याच्या रांगेत उभं राहून लोक हे सगळं घालवतात.

आता तुमच्या स्वतःच्या प्रवासाकडे.

तुमच्या यजमानांचं फेरीबोटीचं म्हणणं मला आवडलं, पण ते खरं कारण नसावं. बहिणीच्या पैशाने जायचं की आपल्या, हा प्रश्न आतून टोचत असेल तर तो आधी बोलून घ्या. क्रूझची जाहिरातीतली रक्कम आणि शेवटी भरायची रक्कम यांत बरंच अंतर पडतं. भाड्यावर बंदरशुल्क, सेवाशुल्क म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, आणि जीएसटी. बोटीवरचं साधं जेवण भाड्यात असतं, पण खास रेस्टॉरंट, दारू, वायफाय आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. एजंटाला एकच प्रश्न विचारा, "तिघांचे सगळे धरून शेवटचा आकडा किती?" आणि तो लेखी मागा. तो आकडा परवडत असेल तर आपल्या पैशाने जा, नसेल तर स्पष्ट सांगून मोकळे व्हा. मेहरबानीच्या बोटीत तुमचे यजमान खूश राहणार नाहीत.

सासूबाईंच्या बाबतीत घाट आणि समुद्र एक नव्हेत. एसटी वळणावळणाला झटके देते, मोठी बोट सावकाश झुलते, आणि पावसाळा संपल्यावर फेब्रुवारीपर्यंत अरबी समुद्र बहुधा शांत असतो. तरी ज्यांना गाडी लागते त्यांना बोट लागण्याची शक्यता असतेच, कारण मूळ तेच. कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण हलतोय, आणि डोळ्यांना समोर स्थिर भिंत दिसते. डोकं गोंधळतं. म्हणून केबिन निवडताना बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची मागा. हालचाल तिथे सगळ्यांत कमी जाणवते. टोकाला आणि वरती जास्त. बाल्कनीची केबिन मिरवायला छान, पण त्या बहुधा वरच्या मजल्यांवर असतात. सासूबाईंसाठी खालची, खिडकीची बरी. बिनखिडकीची स्वस्त पडते, पण त्यांना नको, क्षितिज दिसलं की जीव सावरतो.

एव्होमिन, स्टुगेरॉन या गोळ्या मळमळ सुरू झाल्यावर फारशा उपयोगी पडत नाहीत. आधी, म्हणजे बोट सुटायच्या तास-दोन तास आधी घ्यायच्या असतात. त्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं, आणि काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असलेल्यांना त्या चालतीलच असं नाही. वयस्कर माणसाने गुंगीत पहाटे केबिनच्या बाथरूमचा उंबरठा ओलांडणं म्हणजे पडण्याला निमंत्रण. तो उंबरठा उंच असतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी हाताला धरून दाखवा. तुमच्या डॉक्टरांना विचारून एक गोळी महिनाभर आधी घरीच देऊन बघा, किती गुंगी येते ते कळेल. आलेपाक बरोबर ठेवा. आणि रिकाम्या पोटी बसू देऊ नका. उलटीच्या भीतीने बायका उपाशी राहतात आणि त्यानेच जास्त त्रास होतो. उपासाचा दिवस प्रवासात येत असेल तर निघायच्या आधी कंपनीला कळवा, शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आपल्याकडच्या बोटींवर असते, साबुदाण्याची खात्री कुणी देणार नाही.

लक्षद्वीपबद्दल मात्र मला थांबून बोलायचंय, कारण तुमच्या सासूबाईंनी जावं की नाही हे इथे ठरणार. ही बेटं पोवळ्यांची. भोवती उथळ खडक आणि आत खाजण, म्हणजे खडकांनी अडवलेलं उथळ पाणी, त्यामुळे मोठ्या बोटीला लागायला धक्का नाही. बोट खोल पाण्यात उभी राहते आणि माणसं लहान होडीत उतरवून बेटावर नेतात. म्हणजे बोटीच्या पोटातलं, पाण्याच्या जरा वर असलेलं एक दार उघडतं. बाहेर होडी उभी असते, पण ती उभी नसतेच, लाटेबरोबर हातभर वर येते आणि हातभर खाली जाते. दारात दोघे खलाशी, होडीत दोघे. ते तुमचा पंजा धरत नाहीत, कोपराखाली घट्ट पकडतात आणि तुम्हीही त्यांचं मनगट धरायचं, म्हणजे घामाचा हात निसटला तरी पकड सुटत नाही. होडी वर आली की खलाशी "आता" म्हणतो आणि त्या क्षणी पाऊल टाकायचं. "थांबा जरा" म्हणून अर्ध्यात पाय मागे घेतला तर पंचाईत. हे जाताना एकदा आणि येताना एकदा.

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, बसच्या पहिल्या पायरीवर त्या आधाराशिवाय चढतात का, हे तुम्हाला माहीत. चढत असतील तर जाऊ द्या, खलाशी या कामात तरबेज असतात. नसतील तर त्यांनी त्या दिवशी बोटीवरच थांबायचं हे निघण्याआधी त्यांच्याशी बोलून ठरवा, ऐनवेळी दारात नव्हे. आणि समुद्राला लाट असेल तर कप्तान सगळ्यांचंच उतरणं रद्द करतो. तो निर्णय त्याचा, त्यावर भांडण चालत नाही. बेटावर जायलाच मिळालं नाही तरी सहल वाया गेली असं वाटणार नाही, अशा मनाने जाणार असाल तरच लक्षद्वीप. नाहीतर तिघांनी पहिल्या खेपेला मुरगाव-मुंबई किंवा कोचीसारखी धक्क्याला लागणारी सफर बघावी. मी तुमच्या जागी असते तर तेच केलं असतं. तिथेही शिडीचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे कमी-जास्त होतो, पण ती पायाखाली स्थिर असते आणि मागितली तर चाकाची खुर्ची मिळते.

लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेशपरवाना लागतो. क्रूझवाले तो काढतात, पण कागद आपले आणि वेळेत. आणि इथे आपल्या गोव्यातल्या माणसांची एक खास अडचण : नावं. आधारवर आडनाव एका स्पेलिंगने, जुन्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाच्या दुसऱ्याच, आणि मतदार कार्डावर तिसरं. ज्या ओळखपत्रावर प्रवास करायचा त्यावर आहे तसंच अक्षर न् अक्षर बुकिंगमध्ये हवं. नणंद बुकिंग करणार असेल तर तिला तोंडी नाव सांगू नका, कार्डाचा फोटो पाठवा. तिथे गेल्यावर शिंपले-पोवळी उचलू नका, पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

चढायचं मुंबईहूनच असेल तर आदल्या दिवशी ठाण्याला पोचा. त्याच सकाळच्या रेल्वेच्या भरवशावर राहायचं नाही. बंदरावर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत कधीतरी येतात. म्हणून औषधं, चष्मा, एक जोड कपडे आणि शाल हातातल्या पिशवीत. आतमध्ये एसी कडक असतो. इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, सुरी घेऊ नका, काढून घेतात. बोट सुटली की फोन विमानाच्या मोडवर टाका. भर समुद्रात तो बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि घरी आल्यावर बिल बघून तुमच्या यजमानांना पुन्हा फेरीबोट आठवेल. सुरुवातीला धोक्याच्या भोंग्याची तालीम होते, सात छोटे आणि एक लांब. ती चुकवायची नसते, सासूबाईंनाही घेऊन जा आणि आपली जमायची जागा पायी चालून बघून या.

तुमच्या ता. क. चं उत्तर : नऊवारी उत्तम चालते. त्या रात्री कोट-टायवाल्यांपेक्षा तुमच्या सासूबाईंकडेच लोक जास्त बघतील. पायात मात्र कोल्हापुरी देऊ नका, ओल्या डेकवर तिचा तळ घसरतो. रबरी तळव्याची, मागे पट्टा असलेली सँडल घ्या, आणि निघायच्या आधी पंधरा दिवस घरात घालून फिरू दे.